सात नंबरची खाट

१४ जानेवारी २००८
टॉवर लाइनचा कॅम्प, फलोदीच्या पुढं, राजस्थान

आक्का,

जयभीम. दाजींना बी सांग. हे पत्र दीप्तीच वाचून दाखवत असणार. तर दीप्ते, मामाचं अक्षर बघून हसू नको, आणि जिथं खोडलंय तिथं काय होतं ते शोधत बसू नको. पुढं वाच.

मला गाव सोडून अकरा महिने झाले. ह्या अकरा महिन्यात तुला पाच पत्रं लिहिली आणि पाची फाडली. हे सहावं. सामान आणायला जीप चाललीय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, त्यामुळं हे फाडायला वेळ गावणार न्हाय.

आमची टोळी विजेच्या मोठ्या लाइनचे मनोरे हुबे करती. खाली चौघं दोर धरत्यात, वर आमी दोघं नटबोल्ट आवळतो. एक मनोरा झाला की कॅम्प उचलायचा, पुढं. पंधरा दिवसांवर कुठंच ऱ्हात न्हाय. बाकीची पोरं वैतागत्यात, मला हेच बरं पडतं. एका जागी बसलं की पायात मुंग्या येत्यात. कॅम्पात सगळ्यांना खाटा दिल्यात, मी खाली ताडपत्री टाकतो. मुकादम म्हणतो, "कोल्हापूरवाले, खटिया काटती है क्या?" मी हसतो.

थंडी कसली हाय म्हणून सांगू. लोखंडाला हात लावला की चिकटतोय. डाव्या अंगठ्यावरचा तुझ्या विळ्याचा वण ठणकतो, तवा तुझी आठवण येती. दुसऱ्या वेळी बी येती.

परवा फलोदीत गेलतो तवा ज्ञानूच्या दुकानात फोन लावला. त्याच्या झेरॉक्स मशिनच्या आवाजात निम्मं ऐकूच आलं न्हाय. एवढं कळलं, दाजी परत शिलाई मशिनवर बसायला लागले, डाव्या पायानं पायडल मारत्यात. गिऱ्हाइकाला म्हणत्यात म्हणे, "आता माझ्या पॅन्टला कापड निम्मंच लागतंय, तुला बी कमी लावू काय?" ज्ञानू हसला. मी बी हसलो. फोन ठेवला आणि त्या चौकात उगंच दोन फेऱ्या मारल्या.

तुला वाटत असंल मी पळालो. पळालो न्हाय. मिरजेचा ठेकेदार माणसं नेत होता, काम गावलं, गेलो.

आणि त्या मंगळवारचं. दाजींचा पाय कापून बाहेर आणलं त्या दिवशी सीपीआरच्या, सरकारी दवाखान्याच्या पायरीवर तू मला विचारलंस, "नाग्या, त्या ट्रस्टच्या दवाखान्यात तू रोज पडीक असतोस, आणि मंगळवारी आमी आलो त्याच दिवशी कुठं गेलतास?" तवा सांगितलं तेच आज सांगतो. तिथला क्लार्क जोतीराम, मला वॉर्डबॉय म्हणून चिकटवणार होता तो, त्यानं मला गडहिंग्लजला धाडलंतं, औषधाचे खोके आणायला. परतीची एसटी चुकली. मी असतो तर दाजींना खाट गावली नसती व्हय?

हॉर्न वाजतोय. पत्ता ठेकेदाराच्या ऑफिसचा दिलाय, तिथं लिही. मी जिथं असंन तिथं येतंय पत्र.

तुझा
नागसेन


२ मार्च २००८
बाडमेर जिल्हा. गाव न्हाय, नुसती वाळू

आक्का,

जयभीम. तुझं उत्तर न्हाय. ऑफिसात तीनदा इचारलं. मुकादम म्हणतो, "तेरी बहन को लिखना आता है ना?" म्हटलं माझ्यापेक्षा बरं येतंय.

ज्ञानू सांगतोय ते खरं हाय व्हय? तू कोल्हापुरात धर्मादाय आयुक्ताच्या ऑफिसात अर्ज दिलास? आणि दवाखान्यानं त्यावर उत्तर बी दिलं? ज्ञानूनं मला फोनवर वाचून दाखवलं. "धोंडीराम भाऊ शिंगे, पिवळे रेशनकार्डधारक, दिनांक १३ ते १६ फेब्रुवारी २००७, मोफत वॉर्ड, खाट क्रमांक ७, उपचार घेऊन स्वतःच्या मर्जीने घरी गेले." म्हंजे त्यांनी सगळं केलं आणि पाय दाजींनीच घालवला. दाजी म्हणाले म्हणे, "चार दिवस गादीवर लोळलो, आणि मलाच कुणी सांगितलं न्हाय."

आक्का, माझं ऐकशील तर हे सोड. ती मोठी माणसं. दर वर्षी त्यांचं गुळगुळीत पुस्तक निघतंय, एवढ्या गरिबांवर मोफत उपचार केले म्हणून, आत फोटो. त्यांच्याकडं वकील, तुझ्याकडं दाजींची कातर. तारखांना कोल्हापूरच्या फेऱ्या मारशील, मशिन बंद पडंल, दीप्तीची शाळा बुडंल. आणि पाय काय परत येतोय? असं लिहू नये, पण लिहिलं.

एक गोष्ट सांगून टाकतो, म्हंजे तुझ्या डोक्यातला एक गुंता तरी सुटंल. तुमचं नाव त्यांच्या रजिस्टरात गेलं कसं, हे तू अर्जात विचारलंयस. माझ्याकडनं गेलं. दिवाळीत तुला रॉकेल आणायला कार्ड पायजे होतं आणि मी म्हटलं ज्ञानूकडं झेरॉक्सला दिलंय. ते झेरॉक्सलाच होतं. पण झेरॉक्स जोतीरामसाठी होती.

त्यानं मला बोलवून घेतलं, चहा पाजला. म्हणाला, "नागसेन, नवा नियम आलाय. ट्रस्टच्या दवाखान्यात दहातली एक खाट गरिबाला फुकट द्यायची, आणि दर महिन्याला त्यांची नावं धर्मादायला कळवायची. तुमच्या वस्तीत पिवळी कार्डं किती?"

म्हटलं, "सत्तर-ऐंशी असतील."

"आण सगळी. नावं लावून घेतो."

नावं लावून घेतो म्हटल्यावर मला काय वाटलं ठाऊक हाय? घरकुलाच्या यादीत नाव लागतंय, तसं. एकदा लागलं की आपली बारी पक्की. उद्या आजारी पडलो की नुसतं जायचं, नाव सांगायचं, आडवं व्हायचं. मी घरोघर हेच सांगत फिरलो. तानाबाई आज्जी कार्ड द्यायला तयार नव्हती, साखर बंद व्हईल म्हणून. तिला अर्धा तास समजावलं. वस्तीत पहिल्यांदा लोक मला नागसेन म्हणायला लागलते, नाग्या न्हाय.

आणि पहिलं कार्ड तुमचं दिलं. गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं. आपल्या माणसाचं नाव पुढं लागावं म्हणून. मला कुठं ठाऊक, की ते नाव लावत न्हायत, वापरून टाकत्यात.

एवढंच माझ्याकडनं झालं. बाकी त्या मंगळवारी मी ज्ञानूच्या मोटरसायकलीवर गडहिंग्लजला गेलतो, ते तुला सांगितलंच हाय.

नागसेन


२० एप्रिल २००८
सांचोर

आक्का,

जयभीम. दीप्ते, हे पान तुझ्या आईला दे. ती सावकाश वाचंल. तू बाहेर खेळ.

टोळी बदलली. जुन्या मुकादमाशी वाजलं. मनोरा पुरा झाला तरी मी खाली उतरंना, वरच बसून ऱ्हायलो, तो खालनं शिव्या देत होता. वरनं सगळीकडं सपाट दिसतंय. पन्हाळ्यागत एखादा डोंगर असता तर नजर कुठंतरी अडकली असती.

ज्ञानूला मी सांगितलं, मोटरसायकलीचं कुणी विचारलं तर व्हय म्हण. तो म्हणाला, "नाग्या, तवा माझ्याकडं मोटरसायकल कुठं होती? आणि पहिल्या पत्रात एसटी होती की."

म्हंजे माझी पत्रं त्याला बी वाचून दाखवतेस तर.

बरं. गडहिंग्लजला मी गेलो न्हाय. तिथंच होतो, दवाखान्यात.

आदल्या दिवशी, सोमवारी, जोतीराम घाबराघुबरा वस्तीत आला. तो कधी वस्तीत येत न्हाय. म्हणाला, "उद्या तपासणीला धर्मादायची माणसं येणार. मोफत वॉर्ड मोकळा दिसला तर माझं काय खरं न्हाय. बारा माणसं आण. सकाळी आंघोळ करून या म्हणावं." चार पावलं गेला आणि परत फिरला. "नको, आंघोळ नको."

तो मोफत वॉर्ड तू बघितलाच न्हाईस. आदल्या आठवड्यापर्यंत ते गोडाऊन होतं. सलाइनचे रिकामे खोके आणि मोडके स्टँड. मीच ते बाहेर काढलते. मग बारा खाटा लावल्या, पांढऱ्या चादरी, लोखंडावर तांबड्या रंगात नंबर.

जेवण मिळणार म्हटल्यावर अकरा माणसं झाली. तुला वाटंल लोक लाजले असतील. न्हाय गं. जत्रा होती. तानाबाई आज्जीनं हनुवटीपर्यंत चादर वढून घेतली आणि म्हणाली, "लई मऊ हाय रं ही गादी. मरायच्या टायमाला मला हिथंच आणून टाका." पेठ वडगावच्या त्रिशला सिस्टर, तू ओळखतेस त्यांना, त्या खाटेखाटेला कागद अडकवत होत्या. आज्जीला म्हणाल्या, "आज्जी, तेवढी तंबाखू थुंका. तुम्ही आजारी आहात."

"काय झालंय मला?"

"कावीळ."

"मग पिवळं दिसाय पायजे की. थांब, हळद मागून आणतो."

सगळा वॉर्ड हसला. त्रिशला सिस्टर हसल्या न्हाईत. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

बारावा माणूस आलाच न्हाय, त्याची सून अडली होती. मग सात नंबरवर जोतीरामनं कुणाला तरी झोपवलं. कोण ते मी बघितलं न्हाय. मी दारात हुबा होतो. तुमी आला तवा मी मागं पाण्याच्या टाकीकडं गेलतो. हात धुवायला.

तुमी आलता हे मला कळलंच न्हाय.

आक्का, आता तरी लिही. शिव्या लिही. दोन ओळी लिही.

नागसेन


१५ जून २००८
सांचोरच्या पुढं, नदीकाठ. नदीत पाणी न्हाय

आक्का,

तुझा लखोटा गावला.

मुकादमानं मनोऱ्याखालनं हाक मारली, "कोल्हापूर, तेरा खत." मी अर्ध्यात होतो. कसा उतरलो ठाऊक न्हाय, पट्टा काढायचा इसरलो, तो कमरेला लोंबत होता. लखोटा फाडला. आत एकच कागद. चिठ्ठी न्हाय. लखोटा उलटा करून झटकला, परत आत बोट घालून बघितलं. न्हाय.

रजिस्टराच्या पानाची झेरॉक्स. खाट क्रमांक ७. धोंडीराम भाऊ शिंगे. आणि दोन अंगठे. एक भरती झाल्याचा, एक सोडल्याचा. दोन्हीवर मधोमध आडवी पांढरी रेघ.

तू कुठं गोल केला न्हाईस. बाण काढला न्हाईस. कोपऱ्यात शिक्का हाय, नक्कल दिल्याचा, त्यावर तारीख ४ जानेवारी. माझं पहिलं पत्र १४ तारखेचं.

म्हंजे एसटी चुकल्याचं दीप्तीनं वाचलं तवा हा कागद घरात होता. मोटरसायकल वाचली तवा होता. पाण्याची टाकी वाचली तवा बी होता. तू ऐकून घेत होतीस.

तो वण तुझ्याशिवाय कोण ओळखणार. मी चार वर्षाचा, तू बारा वर्षाची. गवत कापताना मी मध्ये हात घातला. तू परकराची चिंधी फाडून बांधलीस आणि आईला सांगितलंस, माझ्याच हातनं झालं. मार तू खाल्लास.

आता लिहितो. खोडणार न्हाय.

बारावा माणूस आला न्हाय तवा जोतीराम म्हणाला, "तूच पड की. वेळ कुठं हाय आता." म्हटलं, मी तर हिथला माणूस, ओळखतील. म्हणाला, "तोंडावर चादर घे. कार्ड दे कुणाचं तरी." गठ्ठ्यात वरचं कार्ड तुमचं. मी म्हटलं, दाजी सही करत्यात, लांबलचक, दुकानाच्या पाटीवर हाय तशी. जोतीराम म्हणाला, "सही नको. सही वेगळी आली की भानगड. अंगठा दे. अंगठा सगळ्यांचा सारखाच दिसतो." सकाळी साडेनवाला मी दोन्ही अंगठे दिले. आल्याचा बी आणि चार दिवसांनी गेल्याचा बी.

मला त्यात काय वाटलं न्हाय, आक्का. हे खरं लिहितो. मला गंमत वाटली. दाजींना संध्याकाळी सांगायचं ठरवलंतं, की आज तुमच्या नावानं गादीवर लोळलो. ते हसले असते. त्यांच्या पायात चार दिवसांपूर्वी खिळा गेलाय आणि त्यांना साखर हाय हे मला ठाऊक होतं. पाय इतका सुजलाय हे ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी तुमच्याकडं आलोच नव्हतो, माणसं गोळा करत फिरत होतो.

अकरा वाजता तपासणीचे सायेब वॉर्डात आले. दोघं होते. सरळ माणसं, एकेका खाटेपाशी थांबून विचारत होते. पाच नंबर झाला, सहा झाला. आणि तेवढ्यात बाहेर काउंटरवर तुझा आवाज.

तू म्हणालीस, "पिवळं कार्ड हाय की. नंबर हा घ्या. पाय बघा जरा त्यांचा."

काउंटरवर नवी पोरगी होती, तिला ह्यातलं काय ठाऊक नव्हतं. ती पानं उलटत म्हणाली, "धोंडीराम शिंगे? हे तर सकाळीच भरती झालेत. आत खाटेवर आहेत."

"आत कसं असतील? हे काय माझ्या शेजारी हुबं हायत."

"मावशी, इथं लिहिलंय. एका माणसाला दोन खाटा कशा देऊ?"

आणि दाजी म्हणाले, मला सगळं ऐकू येत होतं, दाजी म्हणाले, "आत जो हाय त्याला इचारा, सरकतोस काय जरा."

तेवढ्यात सायेब माझ्या खाटेपाशी आले. कागद बघितला. म्हणाले, "नाव काय तुमचं?"

मी चादरीतनं म्हटलं, "धोंडीराम."

"काय होतंय?"

म्हटलं, "पाय दुखतोय." का म्हटलं ठाऊक न्हाय. कागदावर ताप लिहिलाता.

ते पुढं गेले. बाहेर जोतीराम तुला म्हणत होता, "बाई, आज मोठी माणसं आल्यात, गोंधळ नको, शुक्रवारी या, मी स्वतः बघतो." तू म्हणालीस, "शुक्रवारपर्यंत पाय थांबंल व्हय?" मग कुबडीगत काठीचा आवाज, टक टक, लांब जाईस्तवर.

मी उठलो न्हाय. उठलो असतो तर अकरा जण उघडे पडले असते, आज्जीची अब्रू गेली असती, जोतीरामची नोकरी गेली असती. असं मी सोळा महिने स्वतःला सांगतोय. खरं हे हाय की जोतीरामनं त्या दिवशी माझ्या मापाचा वॉर्डबॉयचा ड्रेस कपाटात आणून ठेवलाता, निळा, आणि मी तो घालून बघितलाता.

ते गेल्यावर त्रिशला सिस्टर आल्या. तोंडावरची चादर बाजूला केली. मनगट धरलं, घड्याळात बघितलं. म्हणाल्या, "ताप नाही. नाडी पळतेय. बाहेर तुझं कोण होतं?"

म्हटलं, "कोण न्हाय."

त्यांनी चादर परत माझ्या तोंडावर टाकली.

शुक्रवारी तुमी परत गेला तवा पाय काळा पडलाता. तिथनं सीपीआर. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन दिवस आधी आला असता तर बोटावर भागलं असतं. ते तू मला पायरीवर सांगितलंस आणि मग विचारलंस, नाग्या, तू कुठं होतास.

सात नंबरवर होतो, आक्का.

नागसेन


२४ जुलै २००८
जोधपूर, ठेकेदाराच्या ऑफिसातनं

आक्का,

जयभीम.

मागल्या पत्राला उत्तर आलं न्हाय, आणि मी वाट बी बघितली न्हाय. ज्ञानूकडनं कळलं, धर्मादायच्या ऑफिसात ४ ऑगस्टला, सोमवारी, तुमची तारीख हाय. दवाखान्याचा वकील म्हणतो, अंगठा धोंडीरामचाच, आजारपणात सही कुठं जमती माणसाला.

परवा हिथं ऑफिसात जोतीरामचा फोन आलता. त्याला पत्ता कुणी दिला ठाऊक न्हाय. लई गोड बोलला. "नागसेन, वॉर्डबॉयची जागा निघालीय. पर्मनंट. १० तारखेला ये, थेट हजेरीवर. पण १० च्या आधी येऊ नको." मग म्हणाला, "आणि तो अंगठा माझा हाय म्हणून कुठं बोलशील, तर खोटं नाव सांगून गरिबाची खाट अडवली म्हणून पहिला आत तूच जाशील. आमी न्हाय."

म्हटलं, "जोतीरामभाऊ, त्या निळ्या ड्रेसचं माप आता बसायचं न्हाय मला." फोन ठेवला. बाहेर जाऊन स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मग परत गेलो. तिकीट काढूनच आलो.

तू तानाबाई आज्जीकडनं निरोप धाडलास असं मी समजतो, तू न्हाय म्हणालीस तरी. ज्ञानूनं तिला फोनवर दिलं. आज्जी म्हणाली, "नाग्या, तू बोलणार असशील तर मी बी बोलतो. गादीवर झोपलो, शिरा खाल्ला, त्यात चोरून काय ठेवायचंय? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन करा म्हणून गेलो, तर म्हणत्यात तुमच्या नावावर कावीळ झालीय, वर्षाचं फुकट संपलं. मला कावीळ झाली आणि मीच पिवळी न्हाय झालो." मग म्हणाली, "पण पहिलं तू बोलायचं. वस्तीची कार्डं तू नेलीस, वस्ती तुझ्या मागनं ईल."

तर मी निघतोय. पण मला माझी खात्री न्हाय, आणि हे तुझ्यापासनं लपवण्यात आता मतलब न्हाय. जोधपूरहून बेंगलोरची गाडी मिरजेवरनं जाती. मिरजेला मी उतरलो न्हाय तर ती मला तशीच पुढं नेईल. दीड वर्षात मी कुठं थांबलो न्हाय, मला थांबायची सवय गेलीय. म्हणून हा कागद पुढं धाडतोय, रजिस्टर पोस्टानं. मिरजेला माझे पाय फुटले तरी ह्या कागदाला पाय न्हाईत. तो चार तारखेला टेबलावर ठेव.

हे खालचं सायेबांसाठी. दीप्ते, हे मोठ्यानं वाच, दाजींना ऐकू जाईल असं.

मी नागसेन सदाशिव कुरणे, वय चोवीस, शिक्षण चौथी, लिहून देतो की १३ फेब्रुवारी २००७ रोजी सदर दवाखान्याच्या मोफत वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर मी झोपलो होतो. मला कोणताही आजार नव्हता. तपासणीच्या सायेबांना मी माझं नाव धोंडीराम सांगितलं. त्या वेळी माझे मेव्हणे धोंडीराम भाऊ शिंगे खराब पाय घेऊन बाहेर काउंटरवर उभे होते आणि त्यांच्या नावावर मी झोपलेलो असल्यामुळं त्यांना खाट मिळाली नाही. बाकीचे अकरा लोक मी बोलवून नेले म्हणून आले, त्यांचा दोष नाही. वस्तीची कार्डं मी नेली. रजिस्टरातले दोन्ही अंगठे माझे आहेत. मला सही येते. तरी जुळवून बघता यावं म्हणून सहीच्या जोडीला अंगठा देत आहे. मधली रेघ म्हणजे विळ्याचा वण आहे. तो कसा झाला हे माझी बहीण अंजना सांगेल.

दाजी, तुमाला काय लिहू कळत न्हाय. तुमी त्या दिवशी आत निरोप दिलता, जरा सरक म्हणून. तो मला ऐकू आलता.

ऑफिसातल्या पोराकडनं शाईचा पॅड मागून घेतला. त्यानं विचारलं, "अनपढ हो क्या?" म्हटलं, व्हय.

अंगठा उमटवलाय. रेघ स्पष्ट आलीय. शाई ओली हाय, आत्ताच घडी घातली तर डाग पडंल आणि कुणी म्हणंल कळत न्हाय. पोस्ट पाच वाजता बंद होतंय, आता सव्वाचार झाल्यात.

वाळंस्तवर हिथंच बसतो.

नागसेन